बरगे कोणत्या क्रमाने काढायचे? कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरच्या प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर 2025

2 जून 2025

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचा विषय आज कागदावर नक्की केला. यंदा पाऊस मे महिन्यातच आला. 24 मेला मान्सून केरळात आणि 26 मेला थेट मुंबईत. एरवी मे अखेरपर्यंत बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या) निवांत काढून काठावर रचून ठेवतात. यंदा ती सवड मिळाली नाही. आम्ही ज्या बंधाऱ्याचा अभ्यास करतोय तो कुंभी नदीवरचा, 24 गाळ्यांचा (दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे गाळा). त्याचे निम्मे बरगे जागेवर असतानाच पाणी चढलं. बंधारा टिकला, पण रस्त्याकडचा काठ विंग वॉलच्या (बंधाऱ्याच्या टोकाला काठ धरून ठेवणाऱ्या भिंतीच्या) पुढे चांगलाच ढासळला आणि एका शेतकऱ्याचा उसाचा कोपरा नदीत गेला.

ज्यांनी हे बंधारे पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. नदीच्या पात्रात ठरावीक अंतरावर खांब, खांबांना उभ्या खाचा, खाचांत आडवे बरगे. पूर्वी ते लाकडी फळ्यांचे असायचे, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी. बरग्यांच्या दोन ओळी लावतात आणि मधल्या पोकळीत माती भरतात, म्हणजे गळती थांबते. ऑक्टोबरात नदी उतरली की बरगे घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे. पावसाळाभर नदी मोकळी वाहते, गाळ साचत नाही, आणि उन्हाळ्यात पात्रातच पाणी साठतं. कोल्हापूर संस्थानात ही पद्धत रुजली, म्हणून नाव कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. साधी आणि अतिशय शहाणी रचना आहे. मात्र तिचं सगळं शहाणपण एका गोष्टीवर उभं आहे: बरगे वेळेवर निघाले पाहिजेत.

आमचा प्रश्न: सगळे बरगे काढायला वेळ नाही, निम्मेच निघणार आहेत, तर कोणते निम्मे?

5 जून

कागदावरचं गणित. खांबांमधली मोकळी जागा 2 मीटर, खांबाची जाडी 1 मीटर, म्हणजे एका गाळ्यामागे 3 मीटर आणि 24 गाळ्यांचे 72 मीटर. बरग्यांची उंची तळापासून 3 मीटर.

प्रयोगशाळेतला फ्ल्यूम (पाणी वाहवून बघायचा काचेच्या बाजूंचा लांब पन्हळ) 60 सेंटिमीटर रुंद आहे. प्रमाण 1:20 घेतलं तर गाळा 10 सेंटिमीटर, खांब 5 सेंटिमीटर. चार गाळे, तीन पूर्ण खांब आणि दोन्ही काचांना टेकलेले दोन अर्धे खांब मिळून बरोबर 60 होतात. असं जुळून येणं दुर्मीळ असतं, त्यामुळे प्रमाणावर वाद झालाच नाही.

मुलांनी फ्राउड साम्याचा तक्ता करून भिंतीवर चिकटवला आहे. लांबी 20 पट, वेग 20च्या वर्गमुळाइतका म्हणजे 4.47 पट, वेळही तितकीच, आणि विसर्ग 20चा अडीचावा घात म्हणजे साधारण 1,789 पट. उघड्या प्रवाहावर गुरुत्वाकर्षणाचं राज्य असतं, म्हणून फ्राउड संख्या (प्रवाहाचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या तुलनेत किती ते सांगणारी) नदी आणि मॉडेल दोन्हीकडे सारखी ठेवायची. रेनॉल्ड्स संख्या (वेग पाण्याच्या चिकटपणाच्या तुलनेत किती ते सांगणारी) मग जुळत नाही. मॉडेलमधला प्रवाह पुरेसा खळबळता ठेवला की ती तडजोड चालते.

9 जून

व्ही-नॉचची (विसर्ग मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेची) तपासणी. 90 अंशाच्या नॉचसाठी विसर्ग म्हणजे 1.37 गुणिले पाण्याच्या उंचीचा अडीचावा घात, मीटरमध्ये. उंची 20 सेंटिमीटर असेल तर सेकंदाला 24.5 लिटर. इथे उंची वाचताना एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर विसर्गात सव्वा टक्का फरक पडतो. म्हणून पॉइंट गेजचं (पातळी मोजायच्या टोकदार सळईचं) टोक पाण्याला वरून हलकं टेकवायचं. टोक आणि त्याचं प्रतिबिंब जिथे भेटतात ते वाचन. दोन मुलांनी एकमेकांचं न बघता वाचायचं आणि मग वह्या जुळवायच्या, असा नियम घातला आहे.

मामांनी (आमचे लॅब अटेंडंट) बादली आणि स्टॉपवॉच घेऊन छोट्या विसर्गांवर नॉच पडताळून दिला. मोठ्या विसर्गासाठी खालच्या टाकीची पातळी चढण्याचा वेळ घेतला. दोन्ही जुळलं.

16 जून

फ्ल्यूमच्या तोंडाशी पाणी एका बाजूला झुकून येत होतं. पंपाच्या पाइपाचं वळण अगदी जवळ आहे, त्याचा परिणाम. पीव्हीसी पाइपचे तुकडे एकावर एक रचून जाळी केली आणि तिच्यातून पाणी सोडलं. आता रंगाची धार सरळ जाते. खांब ॲक्रिलिकचे, वरचं नाक अर्धगोल. नदीवरच्या खांबांनाही तसंच नाक आहे, फक्त तिथे ते शेवाळलेलं आणि ठिकठिकाणी दगड निघालेलं.

23 जून

पहिली खरी वाचनं. विसर्ग 24.5 लिटर, म्हणजे 72 मीटर रुंदीच्या बंधाऱ्यावर सुमारे 263 घनमीटर प्रति सेकंद. गावात कुणी घनमीटर बोलत नाही, त्यांच्या भाषेत हे 9,300 क्युसेकच्या आसपास. पहिल्या मध्यम पुराला शोभेल असं पाणी. टेलगेट (फ्ल्यूमच्या शेवटची झडप) लावून खालच्या बाजूची खोली 15 सेंटिमीटर ठेवली, म्हणजे नदीत 3 मीटर, बरग्यांच्या माथ्याइतकी.

सगळे गाळे मोकळे: वरच्या बाजूला फुगवटा (अडथळ्यामुळे चढलेली पातळी) जेमतेम 2 मिलिमीटर. नदीवर 4 सेंटिमीटर. खांबांनी पात्राची एक तृतीयांश रुंदी अडवूनही एवढाच! यार्नेलने अमेरिकेत आयोवामध्ये पुलांच्या खांबांवर प्रयोग करून 1934 साली जे सूत्र दिलं, त्यातूनही अर्धगोल नाकाच्या खांबांना इतकाच फुगवटा येतो. मॉडेलवर विश्वास बसायला ही जुळणी फार उपयोगी पडली. गावकऱ्यांचा एक जुना समज आहे की बंधारा नुसता उभा असल्यानेच पूर येतो. मोकळ्या गाळ्यांचा बंधारा या पाण्याला चार सेंटिमीटरचा अडथळा करतो, हे त्यांना दाखवता येईल.

24 जून

आज एकेक गाळा बंद करत गेलो. पाणी तेवढंच, खालची खोलीही तीच.

चारपैकी एक गाळा बंद: फुगवटा 7 मिलिमीटर, नदीवर 14 सेंटिमीटर.
दोन बंद: 2.4 सेंटिमीटर, नदीवर अर्ध्या मीटरजवळ.
तीन बंद: 6 सेंटिमीटर, नदीवर सव्वा मीटरच्या आतबाहेर.
चारही बंद: 10 सेंटिमीटरच्या किंचित वर, नदीवर दोन मीटरहून जास्त.

हा वक्र सरळ रेषेत चढत नाही, सुरुवातीला लोळतो आणि मग उठतो. बंधाऱ्यावर काम करणाऱ्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ मोठा आहे. सगळे बरगे असताना पहिले सहा गाळे मोकळे केले की जवळपास मीटरभर फुगवटा उतरतो. शेवटचे सहा गाळे काढून मिळतात दहाच सेंटिमीटर. म्हणजे पाऊस अंगावर आला आणि हातात एकच दिवस असला, तरी जेवढं निघेल तेवढं काढण्यात खूप अर्थ आहे. ‘आता सगळं निघणार नाही, राहू द्या’ असं म्हणून परत फिरणं या आकड्यांपुढे टिकत नाही.

दोन गाळे बंद असताना मोकळ्या गाळ्यांतला वेग मॉडेलमध्ये 0.94 मीटर प्रति सेकंद भरला. नदीवर तो 4.2 होतो. सगळे मोकळे असताना 1.9. चार मीटरच्या वेगाला मातीचा काठ उभा राहत नाही.

30 जून

बरगा उपसायला किती जोर लागतो याचा हिशोब एका विद्यार्थिनीने मांडला. आमच्या बंधाऱ्यावरचा बरगा 2 मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच. वरच्या बाजूला 3 मीटर पाणी आणि खालची बाजू कोरडी असेल तर सर्वात तळच्या बरग्याच्या मध्यावर पाण्याची उंची पावणेतीन मीटर. दाब चौरस मीटरला 27 किलोन्यूटन, क्षेत्रफळ एक चौरस मीटर. म्हणजे 2.7 टनांहून जास्त जोर त्या बरग्याला खाचेवर दाबून धरतो. गंज आणि माती धरून घर्षणाचा गुणांक 0.3 घेतला तरी वर ओढायला 800 किलो लागतात, बरग्याचं स्वतःचं वजन वेगळं. दोन ओळींमधल्या मातीमुळे हा जोर वाटला जातो, पण ओली माती स्वतःच धरून ठेवते. चेनपुली आणि चार माणसं तळच्या बरग्यापाशी तासन् तास का अडतात, ते यावरून कळतं.

म्हणून काम वरून खाली होतं, आणि साठा उतरलेला असतानाच व्हावं लागतं. पाणी चढल्यावर माथ्यावरून लोट सुरू झाला की खांबांवरून हात घालायलाही जागा उरत नाही.

8 जुलै

आता क्रमाचा प्रश्न. त्याला फ्ल्यूम पुरा पडत नाही, कारण चार गाळे आणि दोन्ही बाजूंना काच. काचेचा काठ ढासळत नाही. अंगणातला जुना ट्रे (मॉडेलसाठीचा रुंद, उथळ हौद) साफ करून घेतला. प्रमाण 1:40. गाळा 5 सेंटिमीटर, खांब अडीच, 24 गाळ्यांचे 1 मीटर 80 सेंटिमीटर, आणि दोन्हीकडे काठांसाठी जागा. विसर्गाचं प्रमाण इथे 10,119 पट, म्हणजे त्याच 263 घनमीटरसाठी 26 लिटर. वेळेचं प्रमाण 6.32, नदीवरचा एक तास इथे साडेनऊ मिनिटांत संपतो.

दोन मॉडेल कशाला, असं खात्यातल्या एका अभियंत्यांनी फोनवर विचारलं. उत्तर: ट्रेमध्ये बरग्यांवरून वाहणारं पाणी काही वेळा दोन-अडीच सेंटिमीटरच असतं आणि इतक्या पातळ थरात पृष्ठताण आपली ढवळाढवळ करतो. म्हणून पातळीचे आकडे फ्ल्यूममधून घ्यायचे, आणि प्रवाह कुठे जातो ते ट्रेमध्ये बघायचं.

तळ कशाचा करायचा यावर दोन दिवस चर्चा झाली. आमचा बंधारा कातळावर बसलेला आहे. खालच्या बाजूला उन्हाळ्यात उघडा दगड दिसतो. त्यामुळे मधलं पात्र सिमेंटचं पक्कं केलं आणि काठ तेवढे वाळूचे. लेसीचं खरवडीचं (पाणी तळ किती खोल खणेल ते सांगणारं) सूत्र मुलांनी लावून बघितलं होतं, ते मी बाजूला ठेवायला सांगितलं. ते उत्तर भारतातल्या गाळाच्या पात्रांतल्या कालव्यांवरून आलेलं आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या अशा कातळाच्या नदीत तळ हलतच नाही, हलतो तो काठ.

नदीकाठची काळी माती चिकट असते, वाळू सुटी. तिचा चिकटपणा 40 पट लहान करता येत नाही. तेव्हा ट्रेमधला वाळूचा काठ किती ढासळला हे मोजायचं नाही, कुठे ढासळला हेच नोंदवायचं. अहवालातही खोलीचा आकडा येणार नाही, असं आधीच ठरवून टाकलं. 1916 साली स्थापन झालेल्या, खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नद्यांची मॉडेलं चालतात. तिथल्या मोठ्या मॉडेलांपुढे आमचा ट्रे म्हणजे खेळणं. पण या प्रश्नापुरता तो चालेल.

21 जुलै

पहिली मांडणी, प्रत्यक्षात होते तशीच. डाव्या तीरावर रस्ता आहे, माणसं आणि ट्रॅक्टर त्या बाजूने येतात, म्हणून डावीकडून ओळीने बरगे काढत जातात. तेव्हा 1 ते 12 मोकळे, 13 ते 24 बंद.

पाणी सोडल्यावर मिनिटभरात चित्र उभं राहिलं. बाराही धारा एक होऊन डाव्या काठाला घासत निघाल्या. उजवीकडे बंद गाळ्यांच्या खाली मोठा भोवरा पडला. वर टाकलेले कागदाचे कपटे त्यात उलटे, बंधाऱ्याकडे येत होते. हा भोवरा मुख्य प्रवाहाला आणखी डावीकडे रेटतो. विंग वॉल जिथे संपते तिथे पाण्याचा वेग अर्धा मीटर प्रति सेकंद, नदीवर तीन मीटरहून अधिक. वाळूचा काठ नेमका तिथेच, भिंतीच्या टोकामागे, आतून पोखरला. वरचा भाग थोडा वेळ छपरासारखा लटकत राहिला आणि मग एकदम बसला. नंतर पाणी भिंतीच्या मागे शिरायला लागलं.

मेमध्ये नदीवर काठ गेला तो याच ठिकाणी. मुलांनी ड्रोनने काढलेला फोटो ट्रेशेजारी ठेवून बघितला, दोन्हींतली जागा एकच आहे.

या बंधाऱ्यांचा घात बहुधा असाच होतो. खांब पडत नाहीत, नदी बाजूने वाट काढते. बंधारा तसाच उभा आणि नदी त्याला वळसा घालून शेतातून वाहते, असे फोटो दर एक-दोन पावसाळ्यांनी महाराष्ट्रातून कुठून तरी येतातच.

23 जुलै

दुसरी मांडणी: मधले बारा मोकळे, 7 ते 18. काठ दोन्हीकडे शाबूत. दोन भोवरे, एक इकडे एक तिकडे, पण मंद. मधली धार लांबपर्यंत जोरात जाते. तळाला कातळ आहे तोवर ठीक. मुरमाच्या पायावरच्या बंधाऱ्याला मी ही मांडणी सुचवणार नाही, ॲप्रनच्या (बंधाऱ्याखालच्या पक्क्या फरशीच्या) पुढे खोल खड्डा पडेल.

तिसरी: एक आड एक. डोळ्यांना सर्वात सुंदर हीच. सुरुवातीला प्रत्येक गाळ्यातून वेगळी धार निघते, थोडं पुढे शेजारशेजारच्या धारा एकमेकींकडे ओढल्या जाऊन जोड्या होतात, आणि बंधाऱ्याच्या रुंदीच्या निम्म्या अंतरात सगळं पाणी पात्रभर पसरून शांत होतं. विंग वॉलच्या टोकाशी वेग 0.2 मीटरच्या आत. काठाचा कणही हलला नाही.

तिन्ही मांडण्यांत वरच्या बाजूची पातळी जवळजवळ सारखीच राहिली. किती बरगे काढले यावर वरचा फुगवटा ठरतो आणि कोणते काढले यावर खालचा काठ. प्रकल्पाचा गाभा माझ्या मते हाच आहे.

2 ऑगस्ट

बंधाऱ्यावर गेलो. पाणी खांबांच्या निम्म्यावर, लालसर, वेगात. उरलेले बरगे जूनच्या उघडिपीत काढून झाले होते. बरगे काढणाऱ्या टोळीचे मुकादम आण्णा गेली कित्येक वर्षं हेच काम करतात. त्यांना ट्रेचे व्हिडिओ मोबाइलवर दाखवले. पहिला बघून त्यांनी लगेच मान डोलावली. एक आड एकचा मात्र दोनदा बघितला आणि म्हणाले, “म्याडम, पाणी झ्याक जातंय ह्यात. पर पाला कुठं हाय? एकच गाळा मोकळा ठिवला की पाला-लाकूड आडवं बसतंय बगा. एकदा बसलं की तो गाळा बंदच समजा.”

आमच्या ट्रेमध्ये स्वच्छ नळाचं पाणी होतं. नदीत पहिल्या पुराला उसाचा पाचट, बांधावरची झाडं, जलपर्णी, प्लास्टिक, सगळं येतं.

आण्णांची सूचना होती की सलग दोन काढा. कारण त्यांनी शब्दांत नाही सांगितलं, हातानेच दाखवलं: लाकूड मधल्या खांबाला अडतं, फिरतं आणि कुठल्यातरी बाजूने सुटतं.

दुसरी अडचण चालण्याची. काढलेला बरगा ट्रॉलीवरून काठावर न्यायचा असतो. क्रम कुठलाही असला तरी ट्रॉलीच्या फेऱ्या तेवढ्याच, असा माझा हिशोब होता आणि तो त्यांनी मान्य केला. पण चेनपुलीची तिपाई प्रत्येक गाळ्याला उचलून हलवावी लागते. शेजारचा गाळा असेल तर ती नुसती सरकवता येते. दोन-दोनच्या जोड्या केल्या तर तिपाईचं उचलणं निम्म्यावर येतं. पाण्याची आणि माणसांच्या कष्टाची गरज इथे एकाच मांडणीकडे बोट दाखवते आहे.

11 ऑगस्ट

जोड्यांची मांडणी. मधले चार 11 ते 14, मग 7-8 आणि 17-18, मग 3-4 आणि 21-22. एकूण बारा मोकळे, दोन्ही बाजूंना सारखे. काठालगतच्या 1-2 आणि 23-24 ला हात लावायचा नाही.

विंग वॉलशी वेग 0.2 मीटरच्या जरासा वर, नदीवर सव्वा ते दीड मीटर. एक आड एकपेक्षा थोडा जास्त, डावीकडच्या ओळीच्या निम्म्याहूनही कमी. वाळूचा काठ टिकला. धारा विरायला थोडं जास्त अंतर लागतं, एवढाच फरक.

13 ते 19 ऑगस्ट

कचऱ्याचे प्रयोग. वाळलेल्या उसाच्या पात्याच्या पट्ट्या कापल्या. 10 सेंटिमीटर लांबीच्या बांबूच्या काड्या केल्या, म्हणजे नदीवर 4 मीटरचं झाड. काही काड्यांना फांद्या म्हणून सुतळीचे तुकडे बांधले. हे सगळं एक मीटर वरून मुठीमुठीने सोडायचं आणि वरून मोबाइलने चित्रीकरण करायचं.

एक आड एकमध्ये काडी गाळ्याकडे ओढली जाताना दोन्हीकडून येणाऱ्या पाण्यामुळे बरोबर आडवी होते, दोन खांबांच्या नाकांवर टेकते आणि तिथेच दाबली जाते. तिच्यावर पाचटाची पट्टी बसते, पट्टीवर दुसरी काडी. काही मिनिटांत गाळ्याच्या तोंडावर चटई विणली जाते. पाणी खालून वाट काढतं आणि वरची पातळी हळूहळू चढते. पॉइंट गेजवर ते चढणं स्पष्ट दिसलं.

जोडीमध्ये काडी बहुतेक वेळा मधल्या खांबाला अडते. क्षणभर तराजूच्या दांडीसारखी तोलली जाते, मग एक टोक जड होतं, काडी फिरते आणि उभी होऊन निघून जाते. सगळ्या नाही सुटत. फांद्यांच्या काड्या काही वेळा मधल्या खांबाला मिठी मारून बसल्या. तरी गाळा पूर्ण बंद पडण्याचा प्रकार जोड्यांमध्ये फार कमी झाला.

आण्णांना व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर आलं: “हेच म्हणत हुतो.”

अहवालात या भागाच्या सुरुवातीला स्पष्ट लिहायचं की जोड्यांची कल्पना बरगे काढणाऱ्या टोळीच्या मुकादमांची आहे.

3 सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर पुन्हा ट्रेवर. चढत्या पाण्याचा प्रयोग: विसर्ग एकदम न सोडता नदीवरच्या सहा तासांत चढवला, ट्रेमध्ये 57 मिनिटं. पंपाचा व्हॉल्व्ह मामांनी घड्याळ बघत फिरवला. चढत्या पुरातही जोड्यांची मांडणी टिकते. ओळीच्या मांडणीत काठ ढासळायला पुराचा माथा यावाच लागत नाही. निम्म्या विसर्गाला खालची खोली कमी असते, धार उथळ पाण्यात आदळते आणि पोखरणं सुरू होतं. पहिल्या पाण्याची भीती जास्त, हे टोळीतली माणसं म्हणतात त्याला यात आधार आहे.

15 सप्टेंबर

अहवालाची मर्यादांची बाजू लिहिली. हे सगळं मध्यम पुरापुरतं खरं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 ला तिथे पाणी 55 फुटांच्या वर गेलं. त्या अवस्थेत नदी शिवारभर पसरलेली असते, बंधारे खोल पाण्याखाली असतात आणि बरग्यांच्या क्रमाला काही अर्थ उरत नाही. महापुराचं उत्तर म्हणून हा प्रकल्प कुणी वाचू नये. हा पावसाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या पाण्यासाठी, काठासाठी आणि काठालगतच्या दोन-चार शेतांसाठी आहे.

वळणावरच्या बंधाऱ्याला ही सममित मांडणी तशीच लागू होणार नाही. तिथे बाहेरच्या काठावर प्रवाह आधीच झुकलेला असतो, तेव्हा आतल्या बाजूच्या जोड्या आधी काढाव्या लागतील असं वाटतं. पुढच्या वर्षीच्या मुलांनी ट्रेमध्ये वळण घालून ते तपासावं.

29 सप्टेंबर

शाखा अभियंत्यांसमोर सादरीकरण. त्यांचा पहिला प्रश्न चांगला होता: बरगे घालताना काय? घालताना नदी उतरती असते, डोक्यावर पूर नसतो, तेव्हा क्रमाची एवढी निकड नाही. तरीही काठालगतचे गाळे आधी बंद करून मधले शेवटी बंद करावेत, म्हणजे ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात अचानक पाणी आलं तरी धार मध्यावर राहते. म्हणजे काढायच्या क्रमाचा बरोबर उलटा. हे ट्रेमध्ये वेगळं तपासलं नव्हतं, पण मांडणी तीच असल्याने वाचनं तीच लागू पडतात.

दुसरा प्रश्न खर्चाचा. खांबांवर काढायच्या क्रमाचे रंग द्यायचे आहेत, तेव्हा खर्च फक्त रंगाच्या डब्याचा.

17 ऑक्टोबर

बंधाऱ्यावर. पाणी उतरलं आहे, बरगे घालायचं काम सुरू व्हायचंय. खांबांवर दोन्ही बाजूंनी पांढऱ्या पट्ट्यावर गाळ्यांचे काळे आकडे घातले, 1 ते 24. त्याखाली काढायच्या पाळीप्रमाणे रंग: 11 ते 14 लाल, 7-8 आणि 17-18 पिवळे, 3-4 आणि 21-22 हिरवे, मधले उरलेले निळे, काठालगतचे चार पांढरेच. आण्णांच्या टोळीतल्या दोन तरुणांनी आकडे रंगवले. एकाने विचारलं की लाल म्हणजे थांबा की सुरू. लाल म्हणजे आधी, असं सगळ्यांना दोनदा सांगून घेतलं आणि तिपाईच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागदही डकवला.

वरच्या बाजूला पाचव्या खांबावर आणि खाली विंग वॉलच्या टोकाशी पाणी मोजायच्या पट्ट्या बसवल्या, दोन्हींचं शून्य एकाच पातळीवर लेव्हल लावून घेतलं. ढासळलेल्या काठाची आडवी छेदरेषा पाच ठिकाणी मोजून ठेवली आहे, खुंट्या रोवल्या आहेत. मे 2026 मध्ये पहिला लाल गाळा निघेल त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दोन्ही पट्ट्यांचं वाचन टोळीतला एक जण व्हॉट्सॲपवर पाठवणार आहे.

राहिलेली कामं: वळणाच्या ट्रेचा आराखडा, 18व्या खांबाच्या खाचेतला वाकलेला लोखंडी कोन बदलून घेणे, जोड्यांच्या व्हिडिओला मराठी पाट्या.